आधी तपासणी, मग हळदकुंकू

माझी आत्या कस्तुराबाई गेली एकोणीस वर्षं जयनगरातल्या घरी बसून बेंगळुरूतल्या आमच्या मराठी समाजाची स्थळं जुळवते, तेही फुकट. वय अडुसष्ट. तिच्या जुन्या कम्प्युटरमध्ये सातशे मुलामुलींचे फोटो, पत्रिका आणि घरचे पत्ते आहेत.

पत्रिका मेलवर पाठवणं आमच्याकडं उद्धटपणाचं समजतात. म्हणून लोक पेनड्राइव्ह विड्याच्या ताटात ठेवून आणतात. आत्या त्याला हळदकुंकू लावणार, देवापुढं ठेवणार आणि मग थेट कम्प्युटरला जोडणार.

महिन्यापूर्वी कम्प्युटर आपोआप भलत्यासलत्या जाहिराती दाखवायला लागला. आत्याची झोप उडाली. "रूपश्री, एखादीचा फोटो वाईट माणसाच्या हाती लागला, तर मी कुठल्या तोंडानं त्या घरी जाऊ?"

मी एचएसआर लेआउटमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करते, त्यामुळे सल्ला देण्याची खोड आहेच. म्हटलं, "हा डबा भंगारात टाक, नवा घे."

"आधी ह्यात काय शिरलंय ते कळू दे," ती म्हणाली. मला माउसला हातही लावू देईना. "तू धडाधड बटणं दाबतेस. मला काय कळणार?"

तिनं नवा अँटीव्हायरस घेतला होता. जुना तीन वर्षांपूर्वीच मुदत संपून बसलेला, तोही तिनं ठेवला. म्हणे, एकापेक्षा दोन राखणदार बरे. दोघांची अशी जुंपली की कम्प्युटर जागच्या जागी अडकला. मी पोट धरून हसले.

आत्या हसली नाही. तिनं नव्या अँटीव्हायरसच्या कंपनीला फोन लावून कन्नडमध्ये विचारलं, "सरी, बरं, स्वल्प सावकाश सांगा," म्हणत सगळं तीनदा वदवून घेतलं आणि वहीत उतरवलं. आधी जुना काढायचा, कम्प्युटर बंद करून चालू करायचा, मग नवा पुन्हा घालायचा. पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय ती पुढं गेली नाही. दुपारी तपासणी सुरू झाली, ती चारला संपली. चोर सापडला. तो 'रूपश्री' नावाच्या फोल्डरमध्ये होता.

माझ्या लग्नाचा बायोडेटा मीच माझ्या लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर आणून दिला होता. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"तुझी पत्रिका चांगली आहे हो," आत्या म्हणाली, "संगत तेवढी सुधार."

पुढच्या रविवारी समाजाचे अध्यक्ष विठोजी ताट घेऊन आले. मागं दारात आणखी चारपाच जण आपापली ताटं घेऊन उभे होते. आत्यानं हळदकुंकवाआधी पेनड्राइव्ह तपासायला लावला. विठोजींचा चेहरा लाल झाला.

"अक्का, चाळीस वर्षांची ओळख, आणि माझ्यावर संशय?"

"संशय नाही अण्णा. तुमच्या लेकीचा, शाल्मलीचा फोटो ह्या कम्प्युटरमध्ये आहे. दुसऱ्या कुणाचं मी असंच न बघता आत घेतलं, तर चालेल तुम्हाला?"

आमच्या कंपनीत सुरक्षेवर दर महिन्याला भाषण होतं. इतकं सरळ तिथं कुणी कधी सांगितलं नव्हतं. ही माझी आत्या, असं सगळ्या जयनगराला ओरडून सांगावंसं वाटलं.

विठोजींनी ताट बाजूला ठेवलं. मग दाराकडं वळून म्हणाले, "पेनड्राइव्ह ताटातून काढून हातात घ्या रे. अक्का आधी तपासणार."