तुमच्या देशात उपलब्ध नाही

मापवाले साहेब मुलीकडे परदेशात राहायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा तपासला. बँकेतून आणलेली कोरी नाणी त्यावर ठेवून पाहिली आणि काटा तीन ग्रॅम कमी दाखवतो असा निकाल दिला. मुलगी म्हणाली, बाबा, तो केकचं पीठ मोजायला आहे. साहेब म्हणाले, लबाडी पिठापासूनच सुरू होते. आता अशा माणसाशी बोलणार काय?

चौतीस वर्षं त्यांनी वजनमापे निरीक्षकाची नोकरी केली होती. नाव कोणी घेत नसे, 'मापवाले आले' एवढं बाजारात कुजबुजलं की पुरे. संशय हा त्यांचा मूळ स्वभाव की नोकरीनं लावलेलं खूळ, हे बायकोलाही शेवटपर्यंत उमगलं नाही. पण हात मात्र स्वच्छ. मुलगी सात वर्षांची असताना कोपऱ्यावरच्या दुकानदारानं तिला कौतुकानं रंगीत पेन्सिलींची पेटी दिली, तर साहेबांनी तिला भर उन्हात परत पाठवून ती पेटी त्याच्या गल्ल्यावर ठेवायला लावली होती. पोर रडत गेली आणि रडत आली. पुढे मोठेपणी ती गोष्ट ती ज्याला त्याला अभिमानानं सांगायची.

मुलगी एका दवाखान्यात एक्स-रे काढायची, जावई जहाजावर. दिवसभर घरात साहेब एकटे. डोळे अधू झालेले, छापील पुस्तक नाकाला लावलं तरी दिसेना. म्हणून मुलीनं टॅब आणून दिला. त्यात अक्षर हवं तेवढं फुगवता यायचं. मायदेशातला धाकटा भाऊ, रिटायर्ड पोस्टमास्तर, दर रविवारी फोनवर नव्या पुस्तकांची नावं सांगायचा आणि मुलगी ती विकत घेऊन टॅबवर टाकायची. साहेब खूश झाले. महिनाभर तरी झाले.

मग त्यांना दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे काही पुस्तकांवर नुसतीच एक ओळ उमटायची, 'हे पुस्तक तुमच्या देशात उपलब्ध नाही.' मुलीनं समजावलं की प्रकाशकाकडे जेवढ्या देशांचे हक्क असतात तेवढ्याच देशांत पुस्तक विकता येतं. साहेबांना हे पटलं नाही. माणसाला व्हिसा लागतो हे समजू शकतं, पण अक्षरांना कसला व्हिसा? ना वजन, ना आकार, ना जकातनाका.

दुसरी गोष्ट किमतीची. साहेबांनी भावाला फोनवर धरून ठेवलं आणि दोघांनी एकाच मिनिटाला एकच पुस्तक उघडलं. भावाला ते एका हजामतीच्या पैशात मिळत होतं, साहेबांना चार हजामतींच्या. भाऊ म्हणाला, दादा, तिकडे हजामतही महाग असेल. साहेब म्हणाले, मुद्दा हजामतीचा नाही, एकाच मालाला दोन भाव लावण्याचा आहे. त्यांनी रीतसर पंचनामा लिहिला, वेळ टाकली, भावाला साक्षीदार केलं आणि ज्या कंपनीचं दुकान होतं तिला मुलीकडून पत्र पाठवायला लावलं. कंपनीनं गोडगोड उत्तर दिलं, त्यात ताकास तूर लागू दिली नाही. त्या दिवसापासून टॅब हा साहेबांच्या लेखी संशयित झाला.

अशात भावानं एका नव्या पुस्तकाचं नाव सांगितलं. आपल्याच गावच्या एका किराणा दुकानदाराच्या मुलीनं लिहिलेल्या आठवणी आहेत, जुन्या बाजारपेठेचं वर्णन आहे म्हणतात. त्यानं स्वतः वाचलं नव्हतं, वाचनालयात ऐकलं होतं. साहेबांनी नाव मुलीला दिलं. ती पाहते म्हणाली. दुसऱ्या दिवशी भांडी लावता लावता, पाठ न वळवता म्हणाली, "ते नाही मिळत इथे, बाबा. तीच देशाची अडचण."

झालं. साहेबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आजवर पुस्तक नसलं की मुलगी टॅब समोर आणून ती ओळ दाखवायची, कारण दाखवल्याशिवाय बाप ऐकणार नाही हे तिला ठाऊक होतं. या वेळी ओळ दाखवली नाही. वर विचारलं नसताना कारण सांगितलं. खोट्या मापाचा दुकानदार नेमका असाच वागतो, न विचारता खुलासा करतो.

दोन दिवस साहेबांनी तोंड शिवून घेतलं आणि पोरीचं निरीक्षण केलं. ती जास्त गोड वागत होती. औषधाच्या गोळ्या हातावर आणून देत होती. आपल्या पुस्तकांचा खर्च हिला जड झाला असणार, असं त्यांना वाटू लागलं. तसं तोंडावर सांगितलं असतं तर वाईट वाटलं नसतं. पण देशाचं नाव पुढे करून बापाला गुंडाळायचं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. तसं काही असेल तर पेटी भरून परत जायचं, भावाकडे राहायचं, इथपर्यंत त्यांचा विचार गेला.

नोकरीत असताना धाड घालण्याआधी ते एखादी अनोळखी बाई गिऱ्हाईक म्हणून दुकानात पाठवत. तोच डाव त्यांनी इथं टाकला. खालच्या मजल्यावर आपल्याच भाषेतला एक बसड्रायव्हर राहायचा. त्याला चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून दिलं आणि तुझ्या फोनवर मिळतं का बघ म्हणाले. ड्रायव्हरनं जिन्यातच उभ्याउभ्या फोन काढला. पुस्तक मिळत होतं, याच देशात, आणि एका हजामतीपेक्षाही स्वस्तात. म्हणजे देशाची अडचण नव्हती आणि पैशाचीही नव्हती. साहेब जिना चढताना मधेच थांबले. चिकटपणा पकडायला निघालेल्या माणसाला भलतंच काहीतरी हाती लागत होतं.

मुलगी कामावर होती. त्यांनी टॅबवर पुस्तक शोधलं आणि विकत घेण्याच्या चौकोनावर बोट ठेवलं. लगेच एक ओळ आली, 'हे पुस्तक आपण आधीच विकत घेतले आहे.' खाली तारीख. तारीख त्याच दिवसाची होती, ज्या दिवशी मुलगी पाहते म्हणाली होती. पोरीनं पुस्तक घेतलं, वाचलं, बापाच्या टॅबवरून पुसलं आणि वर मिळत नाही म्हणून सांगितलं. मुद्देमालासकट सापडली की.

त्यांनी पुस्तक पुन्हा उतरवून घेतलं, अक्षर मोठं केलं आणि वाचायला बसले. नवव्या प्रकरणात ते स्वतःच भेटले.

नाव नव्हतं. पण पितळी वजनांची पेटी होती, सही करताना दातांत जीभ धरणारा साहेब होता, आणि तशी जीभ धरणारा दुसरा माणूस त्या खात्यात नव्हता. लेखिकेच्या वडिलांचं दोन किलोचं वजन साहेबानं आपल्या वजनासमोर टाकलं, ते कमी भरलं. वडील एकच वाक्य बोलले, साहेब, तुमचंही एकदा तपासून घ्या. साहेबानं ते उद्धटपणात जमा केलं, खटला भरला, दुकानाला सील ठोकलं. सील निघालं तेव्हा गिऱ्हाईक निघून गेलं होतं, आणि वर्षाच्या आत दुकान मोडलं. शेवटी लेखिकेनं लिहिलं होतं की समोरच्या बड्या दुकानदारानं साहेबाचे हात ओले केले असणार, असं तिला आजही वाटतं.

साहेबांनी टॅब पालथा ठेवला. चहा करायला उठले आणि गॅस न पेटवताच परत येऊन बसले.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा पालथा टॅब टेबलावर होता. तिनं तो उचलून पाहिला, पर्स न काढताच समोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली की सापडणार हे तिला माहीतच होतं, तुमच्यापासून कुणाचं काही लपलंय का आजवर. मग तिनं सगळं सांगितलं. वाचून तिचं डोकं सणकलं होतं. ज्या माणसानं पेन्सिली परत करायला लावल्या, त्यानं लाच खाल्ली म्हणे. तिनं प्रकाशकामार्फत लेखिकेला चांगलं खरमरीत पत्र लिहिलं. लेखिकेचं उत्तर कालच आलं होतं आणि ते तिनं साहेबांना वाचून दाखवलं. ई-पुस्तकातलं पान बदलायला एक दिवस लागतो, तुमच्या वडिलांनी एवढंच लिहून द्यावं की कोणाकडून काही घेतलं नाही आणि त्या दिवशी त्यांचं वजन बरोबर होतं. माझा त्यांच्या शब्दावर विश्वास बसेल, मी तेवढा मजकूर काढून टाकीन.

"मी लिहूनही ठेवलंय," मुलगी म्हणाली आणि लॅपटॉप त्यांच्यापुढे वळवला. "तुम्हाला न सांगताच तुमच्या नावानं पाठवणार होते. म्हटलं, म्हातारपणी उगाच मनस्ताप कशाला. आता फक्त हो म्हणा."

पडद्यावर दोन वाक्यं होती. साहेबांनी चष्मा पुसून ती वाचली. त्यांनी संशय घेतला नसता, तर उद्या ती दोन्ही वाक्यं त्यांच्या नावानं गेली असती आणि ते शांतपणे दुसरं पुस्तक वाचत बसले असते.

"पहिलं खरं आहे," ते म्हणाले. "दुसरं खोटं आहे."

मुलीला कळलं नाही. मग साहेबांनी सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं. त्यांच्या दोन किलोच्या पितळी वजनाची मूठ हलायला लागली होती. नियमानं ते प्रयोगशाळेत पाठवायचं, पण तिथं महिना मोडला असता. त्यांनी बाजारातल्या तांबटाकडून गुपचूप वितळवलेल्या धातूचा डाख लावून घेतला. डाखाचं वजन त्या वजनात मिसळलं आणि ते अठरा ग्रॅमनं जड झालं. जड वजनासमोर त्या दुकानदाराचं खरं वजन कमी ठरलं. तो बरोबर होता.

"तुम्हाला हे कळलं कधी?"

"तीन महिन्यांनी. वार्षिक तपासणीत. तिथला माणूस ओळखीचा होता. त्यानं दुरुस्त करून दिलं, कागदावर आणलं नाही."

"आणि तो दुकानदार?"

"गावातच होता. माझ्या ऑफिसच्या वाटेवर एका वखारीत पोती शिवायचा." साहेब थांबले. "अकरा वर्षं."

मुलीनं पर्स खांद्यावरून काढली, जमिनीवर ठेवली, आणि बापाकडे पाहिलं. त्या नजरेनं साहेबांनी चौतीस वर्षं दुकानदारांकडे पाहिलं होतं. तिच्याकडून ती आपल्यावर येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि ती सोसवत नव्हती.

"डाख लावल्यापासून तपासणीपर्यंत," तिनं सावकाश विचारलं, "त्या वजनानं तुम्ही किती दुकानं तपासलीत?"

साहेबांना आठवावं लागलं नाही.

"सव्वीस. सात जणांवर खटले भरले."

मुलीनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला, ती दोन वाक्यं पुसली आणि बोटं अक्षरांवर ठेवली.

"सातही जणांची नावं सांगा," ती म्हणाली.

साहेबांनी पहिलं नाव सांगितलं.