चावी कुणाकडे ठेवायची

परदेशी राहायला जायचं म्हटलं की लोक विचारतात, तिकडे पगार किती, थंडी किती, आपले मसाले मिळतात का. आमच्या गावाने एकच विचारलं, "घराची चावी कुणाकडे ठेवणार?" रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव तसं व्यवहारी. ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, तो अजून जात नाहीये असंच ते धरून चालतं.

मी बंदरावर मच्छीमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचो. कॅनडात समुद्रकाठच्या एका गावात त्याच कामाची नोकरी लागली आणि बायको, मुलगी, आई आणि मी असे चौघे निघायच्या तयारीला लागलो. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसं झालं. बायकोच्या व्हिसासाठी लग्नाचा दाखला हवा. आमचं लग्न देवळात झालेलं, नोंद करायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. ग्रामपंचायतीत लग्नपत्रिका मागितली, भटजींना घेऊन या म्हणाले. शेजारी आमची पाचवीतली मुलगी उभी होती, पण तिला कुणी पुरावा धरेना. मी चिडलो, बायको मात्र हसत सुटली. नव्याने लग्न झाल्याचे पेढे तिने सगळ्या आळीला वाटले.

आईचं अडलं ते निराळ्याच ठिकाणी. थंडीला ती घाबरली नाही, विमानालाही नाही. तिला काळजी शिमग्याची. शिमग्यात आमच्या देवीची पालखी घरोघरी येते. अंगण सारवून ठेवायचं, पालखी आली की घरच्याने नारळ ठेवायचा, मग मानकरी त्या घराच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घालतो. बंद दारापुढे पालखी थांबत नाही. म्हणून तर गणपतीला न येणारे मुंबईकरही आमच्याकडे शिमग्याला कुलूप काढायला येतात.

"माझ्या दारावरनं देवी तशीच पुढे गेली तर मी तिकडे बसून काय करू?" आई म्हणायची. वाळवी, वानरांनी सरकवलेली कौलं, विहिरीचा पंप, हे सगळं गड्याला पैसे देऊन सांभाळता आलं असतं. नारळ मात्र भावकीतल्याच हाताने ठेवायचा, अशी आमच्याकडची रीत. आणि भावकीत गावात उरली होती एक काकू, आईची धाकटी जाऊ. दोघींच्या घरांमध्ये जांभ्या दगडाचा एक गडगा. तो नव्याने बांधताना वीतभर कुणाच्या बाजूला सरकला, यावरून दोघींनी बोलणं टाकलं होतं. कुणाचा सरकला हे मी आजही सांगणार नाही, मला दोन्ही घरी जेवायचं असतं.

तिकिटं काढायची वेळ आली तरी आई हो म्हणेना. मी तिच्यावर ओरडलो, तिने माझ्याशीही बोलणं टाकलं. मग एका दुपारी ती पातळ बदलून, हातात चावी घेऊन, गडग्याला वळसा घालून काकूच्या अंगणात गेली. मी आमच्या पडवीत उभा राहून ऐकत होतो, ऐकण्याजोगंच होतं ते.

काकू मीठ लावलेली आमसुलं उन्हात पसरत होती. तिने मान वर केली नाही.

"चावी आणलीय," आई म्हणाली.

"कसली गो?"

"घराची."

"एवढ्या वर्सांनी तोंड उघडलंस ते ह्याच्यासाठी?"

"मग कशासाठी उघडू? माझा नारळ ठेवणारं दुसरं कोण हाय मला?"

काकूने आणखी मूठभर आमसुलं पसरली. मला वाटलं, संपलं, आता विमान गेलं. मग ती म्हणाली, "उभी काय ऱ्हायलीस? हात लाव, ऊन चाललंय." आई खाली बसली. दोघी आमसुलं उलटत राहिल्या. उठताना काकूने चावी कनवटीला लावली. "तू येशील तोवर तुझा नारळ मी ठेवीन," ती म्हणाली.

त्यानंतर निघेपर्यंतचे दिवस आई घरात कमी आणि काकूकडे जास्त असायची. बॅगा मी आणि बायकोने भरल्या, एक ना धड भाराभर चिंध्या. आज त्या दिवसांची फार आठवण येते. तेव्हा मात्र मला वजनकाट्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

तिकडे आई रमली, असं मी सगळ्यांना सांगतो. ती बर्फ झाडते, शेजारच्या म्हातारीला आंबोळी खायला घालते. पण शिमगा आला की दोन दिवस कुणाशी बोलत नाही. यंदाच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की तिचं हृदय आता लांबचा विमानप्रवास सोसणार नाही. आईने ऐकून घेतलं आणि मला बजावलं, "गावात सांगू नको. काकूला तर नकोच."

शिमग्याला मी एकटा आलो. दार उघडं होतं, अंगण सारवलेलं होतं. काकू खूप वाकलीय, पण सारवण तिच्याच हातचं. ढोल वाजवत पालखी आली आणि आमच्या अंगणात टेकली. मी नारळ घेऊन पुढे झालो तशी काकूने तो माझ्या हातातून घेतला. "तू बाजूस हो. मी तिला शब्द दिलाय."

मानकऱ्याने गाऱ्हाणं सुरू केलं, परदेशात गेलेल्या लेकराला सांभाळ, त्याच्या पोरीला शिकव. काकूने त्याला मधेच तोडलं.

"आधी थोरलीचं घे. तिला एकदा हिकडं आणून घाल म्हणावं. पुढच्या शिमग्याला तिचा नारळ तिच्या हाताने ठेवू दे."

मानकऱ्याने ते तसंच देवीपुढे म्हटलं. अंगणातल्या सगळ्यांनी एका आवाजात "व्हय महाराजा" केलं. काकू माझ्याकडे बघत होती, म्हणून मीही म्हटलं, सगळ्यांहून मोठ्याने.