बोटांची साक्ष

कापडाच्या कारखान्यात त्याला सगळे बोटेमामा म्हणत, तेही तोंडावर. डोळे मिटून तो कापडाची कड चिमटीत चोळायचा आणि दर्जा सांगायचा: एक, दोन नाहीतर तीन. मामाने आकडा उच्चारला की त्यावर कोणी ब्र काढायचा नाही, ही तिथली रीत. बायको मात्र टोमणा मारायची, "एवढी बोटं घरातल्या भांड्यांना लावलीत तर पुण्य लागेल!"

एका सकाळी दाढी करताना उजव्या हातातून वस्तरा गळाला. मेंदूत बारीकशी गुठळी. पंधरा दिवसांत हात चालू लागला, तसा मामा कामावर जायची परवानगी मागायला डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"कापड बोटाला कळत नाही हो," बाई म्हणाल्या. "मेंदूत पेशींचा अख्खा जमाव असतो. एकटीच्या सांगण्याला अर्थ नाही. कोणी जोरात बोलते, कोणी हळू. त्या सगळ्या गलक्यातून मऊ की खरखरीत ते ठरतं. तुमच्या जमावातल्या बऱ्याच जणी गेल्या."

"उरल्यात ना पुष्कळ?"

"उरल्यात, आणि गप्प बसणार नाहीत. चुकीचं सांगतील, तरी तुम्हाला अगदी खरं वाटेल. आधी परखून घ्या, मग कामाला लागा."

मामाने घरी येऊन फक्त "हात बरा आहे" एवढंच सांगितलं. बाकीचं गिळून टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी कामावर गेला.

महिन्याभराने इस्पितळातून गठ्ठे परत आले. भाजलेल्यांच्या जखमांवर घालायचं कापड, एक नंबर म्हणून गेलेलं. बदलताना एका बाईच्या पाठीची नवी कातडी त्याच्याबरोबर सोलून आली होती.

मामाचं बोट चुकेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. मग गठ्ठे बांधणाऱ्या त्याच्या भाचीनेच माल बदलला असणार! तिला काढायचं ठरलं. जेवणाच्या सुट्टीत तर लोकांनी तिला चोरांच्या टोळीतही घातली.

"मामा, मी नाही बदललं. बांधताना हाताला खरखरीत लागलं होतं."

"मग बोलली का नाहीस, भवाने?"

"तुमच्यापुढे आजवर कोण बोललंय?"

साहेबांच्या टेबलावर परत आलेला तुकडा होता. मामाने चोळला. लोण्यासारखा मऊ. डोळे उघडून पाहिलं, तर धागे काट्यांसारखे उभे. पुन्हा चोळला. मऊच.

"साहेब, बोटं अजूनही एक नंबरच म्हणतायत. पोरीला सोडा."

"डॉक्टरांनी बजावलं होतं?"

"होतं."

भाची कामावर राहिली. मामा घरी बसला. इस्पितळातली ती भाजलेली बाई अजून पालथीच झोपते, असं कळलं. बातमी आणायला मामाने बायकोला पाठवलं होतं. स्वतः जायची छाती झाली नाही.