सिंकखालची लाल फुली

मंगळवारी बाई वारल्या. बुधवारी त्यांचं पातेलं भंगारात टाकलं. गुरुवारी त्यांनी नापास केलेल्या प्लायवर करवत चालली.

"उकळू द्या, मग बोलू," हे बाईंचं वाक्य. अंबडच्या आमच्या कारखान्यात घरोघरच्या मापाने कपाटं बनतात, त्यातही स्वयंपाकघरांची जास्त. बाई तिथे लाकूड तपासायच्या. प्लायचा नवा माल उतरला की त्यातल्या एका शीटचा कोपरा कापून घ्यायच्या आणि मागच्या शेडमध्ये ॲल्युमिनियमच्या पातेल्यात उकळत ठेवायच्या. सकाळी ठेवलेला तुकडा दुपारी काढायचा. थर घट्ट राहिले तर माल पास. सुटले, तर त्या मालातल्या प्रत्येक शीटवर सुताराच्या लाल पेन्सिलीने भलीमोठी फुली. तुकडा निघेपर्यंत शेठ विचारोत की माल आणणारा विचारो, उत्तर एकच.

शेजारच्या शेगडीवर आमचा चहा व्हायचा. एका नव्या सुताराने एकदा घाईत भलत्याच पातेल्यातून कप भरून घेतला. बाईंनी त्याला दोन घोट पिऊ दिले. मग म्हणाल्या, "पी, पी. पोटात थर सुटले तर सांग."

मी तिथे कपाटांची ड्रॉइंग काढायचो आणि गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन मापं घ्यायचो. डब्याबरोबर पुस्तक नेण्याची माझी सवय बाईंना फार मजेशीर वाटे. उकळलेला तुकडा सांडशीत धरून त्या माझ्या दारात उभ्या राहत. "सर, पुस्तक मिटा. प्लाय उघडलाय."

कामात चोख आणि स्वभावाने नम्र अशी माणसं तुम्ही पाहिली असतील. बाई त्यांतल्या नव्हत्या. त्यांना स्वतःच्या कानांचा गर्व होता. त्या मूळच्या मनमाडच्या. वडील रेल्वेत, थांबलेल्या गाडीच्या चाकांवर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखायचे. बाई बोटं मुडपून शीटवर टकटक करत आणि डोळे मिटून सांगत, "इथे पोकळ आहे." कापल्यावर बहुतेक वेळा आत फट सापडे. एकदा मात्र एक महागडी शीट फोडली आणि ती आतून ठणठणीत निघाली. शेठ बघतच राहिले. बाई म्हणाल्या, "बरं झालं. खात्री झाली."

त्यांच्या घरी एकही कपाट नव्हतं. "माझ्याकडे स्टीलची मांडणी आहे," त्या सांगत. "तिला उकळावं लागत नाही."

तो शेवटचा माल इंदिरानगरच्या एका काकूंच्या स्वयंपाकघरासाठी आला होता. सोमवारी दुपारी बाईंनी पातेल्यात सांडशी घातली तर तुकडा अख्खा वर येईना, एकेक थर वेगळा आला. त्यांनी पेन्सिल काढली आणि फुल्या मारायला सुरुवात केली. शेठ धावत आले.

"अहो बाई, काय करता? वरून मायका बसणार. आतलं कुणाला दिसतंय?"

"सिंकखाली जाणार ना हे? पाण्याला दिसतं."

"माल आणणारा परत घेत नाहीये."

"मग ठेवा होळीला."

"तुम्ही मला धंदा करू देणार नाही."

"करा की. मी नापास म्हटलंय, एवढंच." शेवटच्या शीटवर फुली मारून त्या निघून गेल्या. रागात होत्या, पातेलंही घासलं नाही. मंगळवारी सकाळी त्यांच्या बहिणीचा फोन आला. झोपेतच गेल्या होत्या.

गुरुवारी शेठनी आम्हाला उभं करून दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. मग म्हणाले, "दर्जा म्हणजे बाई. त्या आपल्या घरातल्याच होत्या." आम्ही पांगलो आणि करवत सुरू झाली. मी जाऊन पाहिलं तर मशीनवर फुल्यांच्याच शीट्स होत्या. फुल्यांवर गोंद पसरला जात होता, गोंदावर पांढराशुभ्र मायका बसत होता.

मी शेठच्या केबिनमध्ये गेलो. "त्या शीट्स नापास आहेत," म्हणालो.

"सर," ते मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले, "ज्यांनी नापास केल्या त्या आता नाहीत."

मी हे वाक्य आजवर विसरलेलो नाही आणि विसरणार नाही. माणूस मेला की त्याने दिलेला नकारही मेला, असा हिशेब इतक्या सहज करता येतो हे मला माहीत नव्हतं. त्या जिवंत असताना त्यांचं ऐकावं लागत होतं, कारण त्या ओरडायच्या. म्हणजे इतकी वर्षं हे लोक प्लायला नव्हे, ओरडण्याला घाबरत होते. दर्जा म्हणजे बाई! मला ते तीन शब्द त्यांच्या तोंडातून परत काढून घ्यावेसे वाटले. त्या संध्याकाळी मी भंगाराच्या ढिगातून पातेलं शोधून काढलं आणि घरी नेलं.

इंदिरानगरला कपाटं बसली तेव्हा मापं जुळतात का हे बघायला मीच गेलो. काकू खुशीत होत्या, वास्तुशांत तोंडावर आली होती. त्यांनी सिंकखालचं दार उघडलं, वाकल्या आणि थांबल्या. मागच्या फळीला मायका लावण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. तिच्यावर लाल फुली होती, करवतीने अर्धी कापलेली.

"हे काय रे?"

"खूण आहे काकू," कपाटं बसवणारा आमचा फिटर म्हणाला. "कुठली बाजू वर, ते कळायला."

"नापासाची खूण आहे ती," मी म्हणालो.

फिटर माझ्याकडे बघू लागला. काकूंनी पदर खोचला. "कुणी केलं नापास?"

"आमच्याकडे एक बाई होत्या. गेल्या त्या, मागच्या महिन्यात."

"आणि कशावरून ठरवलं त्यांनी?"

मी सांगितलं. काकूंनी जमिनीवर पडलेला प्लायचा एक उरलेला तुकडा उचलला, नळाखाली धुतला, कुकरमध्ये टाकला आणि वर पाणी घातलं.

"काकू, मीठ विसरलात," फिटर हसला.

"तू गप बस."

शिट्ट्या होत राहिल्या. आम्ही तिघं त्या नव्या स्वयंपाकघरात उभे होतो. फिटरने एकदा घड्याळ बघितलं, एकदा मला खुणेने विचारलं की शेठना फोन करू का. काकू म्हणाल्या, "आधी शिजू दे. मग कर कुणाला करायचा तो." मला एकदम खिडकीबाहेर बघावं लागलं.

कुकर उघडला. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा वरचा थर सुटून आला होता. काकूंनी तो चिमटीत धरून उचलला, दुसराही उचलला.

"काढा सगळं."

"काकू, वास्तुशांत—"

"वास्तुशांत माझी आहे ना? काढा."

शेठनी त्यांना दुसऱ्या प्लायची कपाटं करून दिली. मला त्याच दिवशी फोनवर सांगितलं, उद्यापासून येऊ नका. काढलेली कपाटं टेम्पोत भरून अंबडला परत गेली. ती जाळली नाहीत, हे मला तिथल्या सुताराने सांगितलं. फुलीवरही मायका लावून ती दुसऱ्या कुठल्या तरी घरी बसवली. कुणाच्या, ते त्याला माहीत नाही. मलाही माहीत नाही. तुमच्याकडे नवं स्वयंपाकघर झालं असेल तर सिंकखालच्या फळीवर एकदा बोटं मुडपून वाजवून बघा.

बाईंच्या जागी कारखान्यात कुणी घेतलेलं नाही. मागच्या शेडमध्ये आता फक्त चहा होतो. पातेलं माझ्या घरी ओट्याखाली आहे. त्याच्या तळाशी गोंदाची तपकिरी पुटं आहेत, ती घासून निघत नाहीत.