सिंधूचे बोटवे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं तो सगळ्या केदारखेड्यात सांगत फिरायचा! आता माझं छान चाललंय, कुरकुर करायला जागा नाही. मुलगी सिंधू सुखात आहे, शिवणकाम करते. मग हे कशाला उकरून काढायचं? तिच्याच हाताची गोष्ट आहे, म्हणून.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सिंधू सात वर्षांची. उजवा हात जन्मापासून कमजोर. बोटं हलायची, पण पकड धरायची नाहीत. महिन्यातून एकदा तिला जालन्याच्या दवाखान्यात न्यायची. तिथं नागपूरकडच्या एक बाई होत्या. गोळी नाही, सुई नाही — मुलांकडून नुसती कामं करून घ्यायच्या. मणी ओवा, शेंगा फोडा, सदऱ्याच्या गुंड्या लावा. याला व्यवसायोपचार म्हणतात हे मला फार नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, एवढ्यासाठी एसटीचे धक्के खायचे होय?

शिमगा झाला की आमच्याकडे बोटवे करतात, कणकेची चिमूट दोन बोटांत वळून केलेल्या आखूड शेवया. बाईंना हे कळलं आणि त्या हरखल्याच. "हेच करू द्या पोरांना. वाळवून पुढच्या खेपेला डबीत घेऊन या."

तर — सिंधूनं पहिल्या दिवशी चार केले. चार! चिमूट निसटायची, ती रडकुंडीला यायची, माझ्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. "ऱ्हाऊ दे माय," मी म्हणाले. आणि डबी मी भरली. डाव्या हातानं, मुद्दाम वाकडेतिकडे वळून.

दया आली म्हणून? स्वतःला तसंच सांगत आले. पण बाईंनी ती डबी बाकीच्या बायांना दाखवली, आई असावी तर अशी म्हणाल्या, तेव्हा मी केवढी फुगले! पुढच्या डब्या भरल्या त्या दयेनं नव्हे. पोर इथं बुजते, घरी मात्र झरझर करते, असंही मीच ठोकून दिलं.

एवढंच असतं तर कधीच कुणाजवळ बोलून मोकळी झाले असते. पण —

चौथ्या खेपेला बाईंनी तिच्यापुढे सदरा ठेवला. बोटं तयार झालीत, आता गुंडी लाव म्हणाल्या. सिंधूनं किती धडपड केली! मग हळूच म्हणाली, "मला येत न्हाई. बोटवे बी येत न्हाईत."

"खोटं बोलू नये, सिंधू. आळस करतेस तू."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सिंधूनंही पाहिलं. आणि मी — मी म्हणाले, "लई हट्टी हाय वो बाई ती."

तिनं मान खाली घातली. रडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी मी कणकेचा गोळा तिच्यापुढे ठेवायची आणि स्वतःचे हात मागे धरून बसायची. चाराचे सहा व्हायला महिना लागला. दिवाळी गेली, संक्रांत आली. मग एकदा बाईंसमोर तिनं पाचच्या पाच गुंड्या लावल्या. काय आनंद झाला मला! आज आठवलं तरी होतो.

बाईंनी तिची पाठ थोपटली. "बघ, सोडलास ना आळस?"

माझ्याकडे न बघता सिंधू म्हणाली, "हो बाई."

तेव्हाही मी गप्प बसले. त्या पोरीनं खरं सांगितलं होतं, आणि मी तिला खोटं पाडलं.