जर्मन साहेबाची आगारी

नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, पण जर्मन डायरीची केस मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. सिल्वासाच्या आमली भागातल्या बाजारात उन्हाळ्यात मातीच्या घागरी दिसू लागल्या की हमखास.

मी मूळचा धुळे जिल्ह्यातला. नववीत शाळा सुटली, पोटासाठी सिल्वासाला आलो आणि या गावाने मला वर्दी दिली. शिपाई म्हणून लागलो, जमादार होऊन निवृत्त झालो. ते उपकार विसरलो नाही. धास्तीही कधी गेली नाही. जबाब लिहिताना वाटायचं, एक ओळ चुकली तर कुणाचं तरी घर बुडेल. म्हणून प्रत्येक कागद दोनदा वाचायचो. ठाण्यातली पोरं म्हणायची, "जमादार, परीक्षेला बसलात का?"

तक्रारदार एका कारखान्यातून निवृत्त झालेले मुंबईकर साहेब. जुनी नाणी, पदकं, तलवारी जमवण्याचा त्यांना नाद. सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या एका जर्मन अधिकाऱ्याची खाजगी डायरी. चामड्याचा पुठ्ठा, मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर. ती काचेच्या कपाटातून नाहीशी झाली होती आणि दोन दिवसांनी मुंबईचा एक संग्राहक ती विकत घ्यायला येणार होता. कुलूप शाबूत. किल्लीची जागा ठाऊक असणारी माणसं तीनच: साहेब, त्यांच्या पत्नी आणि घरकाम करणारी बाई. बाई आमलीत चाळीत राहायची, नवरा जवळच्या मसाटला धाग्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला.

दुपारी आमच्या खबऱ्याने बातमी आणली. एक बाई आमलीतल्या झेरॉक्सवाल्याकडे जुनी इंग्रजीसारखी वही घेऊन गेली होती. मी तिथे गेलो.

"किंमत विचारली का तिने?"

"ना रे ना, जमादारसाहेब," झेरॉक्सवाला म्हणाला. "बोली, पहिल्या पानावर नाव काय ते वाचून दे. मी बोललो, माँजी, ही तर आमच्या बापाला पण नाही वाचता येणार!"

ठाण्यात तक्रारदार साहेब म्हणाले, "बघा! मालकाचं नाव कळलं की भाव चढतो. तिला कुणीतरी शिकवलंय." आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांनाही ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला सांगू.

महिला शिपायाला बसवून बाईची चौकशी सुरू केली. चाळिशीची बाई, पदर घट्ट ओढलेला. बोली ऐकताच कळलं, आमच्याच खानदेशची.

"डायरी कुठंय?"

"इकी नही, साहेब. देवनी आन."

"मग आहे कुठे?"

पुन्हा विचारलं की पुन्हा तेच, विकली नाही. खूप ताणल्यावर म्हणाली, "परवा सांगसू."

"परवा!" इन्स्पेक्टरसाहेब हसले. "परवापर्यंत माल मुंबईपार होईल, बाई. घराच्या झडतीला उद्या सकाळी माणसं येतील. तेव्हाच गुन्हा दाखल करू."

तिचा चेहरा उतरला. ठेकेदार चोरीचं नाव लागलेल्या घरातला माणूस एक दिवस ठेवत नाही, हे तिला आमच्याहून जास्त ठाऊक होतं. तरी बोलली नाही. सूर्य मावळतीला आला, बाईमाणसाला अंधार पडल्यावर ठाण्यात ठेवता येत नाही, म्हणून तिला घरी सोडावं लागलं. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. चोर आधी म्हणतो, मी घेतलंच नाही. ही एकदाही तसं म्हणाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आखाजी. अक्षय्यतृतीयेला आम्ही खानदेशी तेच म्हणतो. कुठेही असलो तरी त्या दिवशी पितरांची घागर पुजायची आणि जळत्या गोवरीवर पुरणपोळी-तुपाचा घास टाकायचा. ती आगारी. झडतीआधी सकाळीच उरकून घ्यावी म्हणून बसलो. एकेका पितराचं नाव घेत घास टाकत होतो, तर थोरल्या आजोबांपाशी अडलो, नाव आठवेना.

"अहो, नाव घ्या ना," बायको म्हणाली. "नावाशिवाय घास पोचतो का कोणाला?"

घास हातातच राहिला. झेरॉक्सच्या दुकानात त्या बाईने काय मागितलं होतं?

इन्स्पेक्टरसाहेबांना फोन करून म्हटलं, झडतीची माणसं पाठवण्याआधी मला जाऊ द्या. ते म्हणाले, "जा. महिला शिपाई घेऊन जा. तक्रारदारालाही पाठवतो."

चाळीतल्या खोलीत नवरा गोवरीपुढे बसला होता. पाटावर घागर, तिच्यावर आंबा आणि डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज. शेजारी नव्या पांढऱ्या फडक्यावर डायरी. मागोमाग साहेब पोचले, "माझी डायरी!" म्हणून पुढे झाले. मी आडवा झालो. "पंचनाम्याआधी हात लावू नका, साहेब." कायद्यात ते बसत होतंच, पण खरं कारण ते नव्हतं.

"कशाला नेलीस बाई?" मी विचारलं.

"साहेबच पाव्हण्यासले सांगतस," ती म्हणाली. "हाऊ जर्मन घर पोचनाच नही, कोणी माती दिधी नही. मी रोज कपाटमा त्याले पुसस. घरमा मेलेला माणूस, सणले उपाशी कसा ठेवू? आगारी झाली की परत ठेवणार व्हती. मधमा उचलं तर उष्टं व्हतं."

साहेबांचा आवाज खाली आला. "अगं, तो भला माणूस नव्हता. गावं जाळणाऱ्यांतला होता. त्याने स्वतःच लिहिलंय."

ती डायरीखालचं फडकं सरळ करत म्हणाली, "मना सासरा तरी कोठे भला व्हता? त्याले बी घास टाकतसच ना."

"ते मातर खरं शे," नवरा मान खाली घालून म्हणाला. महिला शिपाई तोंडाला रुमाल लावून दारात गेली.

"मग नाव मला का नाही विचारलंस?" साहेब म्हणाले.

"इचारं व्हतं. तुम्ही म्हणनात, तुले काय करनं शे."

साहेबांनी नाव सांगितलं, सावकाश, तोडून तोडून. नवऱ्याच्या जिभेवर ते बसेना. तिसऱ्या खेपेला ते आमच्या शिरपूरकडच्या एखाद्या माणसाचं नाव वाटावं असं निघालं. घास पडला, तूप भडकलं. साहेबांनी चपला कधी काढल्या, मी पाहिलं नाही. पण ते अनवाणी उभे होते.

दुपारी त्यांनी तक्रार मागे घेतल्याचा अर्ज दिला: वस्तू घरच्या धार्मिक कार्यासाठी नेली होती. इन्स्पेक्टरसाहेब वाचून म्हणाले, "जर्मनाचं धार्मिक कार्य! जमादार, माझ्या नोकरीत हेच बघायचं राहिलं होतं."

डायरी ठरल्याप्रमाणे मुंबईला गेली. बाई साहेबांकडेच कामाला राहिली.

त्या दिवशी शिकलो ते असं. आम्ही सगळे 'कुठे ठेवली' आणि 'कितीला विकली' विचारत होतो. 'कशाला लागली' हे त्या अख्ख्या दिवसात कुणाच्याही तोंडून निघालं नव्हतं. पुढच्या प्रत्येक चौकशीत मी तो प्रश्न आधी विचारला. निम्म्या वेळा खोटंच उत्तर मिळालं, पण त्या खोट्यातूनही माणूस थोडा दिसायचा.

त्या जर्मनाला घास मिळायला हवा होता का, यावर मी अजून विचार करतो. जाळलेल्या गावांतल्या माणसांच्या नावाने कुणी घास टाकला असेल का, हेही मनात येतं. ती चौकशी माझ्या हद्दीबाहेरची. माझ्या हद्दीत आमलीतली एक बाई होती, आणि तिच्यावर त्या सकाळी गुन्हा दाखल झाला नाही.