चार बोटं खाली

मिस्त्रीची बायको उंचीनं त्याच्या खांद्यालाही लागत नाही. ज्या भाड्याच्या खोलीत दोघांनी सतरा वर्षं काढली तिथला ओटा उंच, म्हणून ती दोन विटांवर उभी राहून स्वयंपाक करते. एकदा वीट कलंडली आणि मनगट मोडलं. घरमालकानं बजावलं, माझ्या ओट्याला हात लावायचा नाही.

मग योजना आली. बिल्डरनं कमी भाड्याची घरं बांधायची, सरकारनं त्याला करात सवलत द्यायची. यादीत मिस्त्रीचं नाव लागलं आणि बांधकामावर गवंडी नेमका हाच. तिसऱ्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं घर आपलं, हे कळल्यावर गड्याला राहवलं नाही. त्यानं तिथला ओटा गुपचूप चार बोटं खाली घेतला.

आणि सरकारनं सवलतच बंद केली. एका ओळीत. ज्यानं ती ओळ लिहिली त्याच्या घरचा ओटा मापातच असणार, पैज लावा. यादी रद्द झाली, घरं विकायला निघाली. भिंती त्याच, गिलावा तोच, फक्त आत राहणारी माणसं बदलायची.

पहिलंच गिऱ्हाईक ओट्याशी वाकलं आणि नाक मुरडून गेलं. मुकादमानं मिस्त्रीची चारचौघांत बिनपाण्यानं केली. बुटक्यांची वसाहत आहे का ही, फोड आणि नवा घाल. मिस्त्री म्हणाला, नाही फोडणार. मग उद्यापासून येऊ नकोस, म्हणाला मुकादम.

बायकोनं घरी सगळं ऐकून घेतलं. सकाळी पायाखालच्या दोन्ही विटा पिशवीत घातल्या आणि तडक साइटचं ऑफिस गाठलं. नवरा मागोमाग. बिल्डरशेठ नकाशा पसरून बसला होता. तिनं विटा त्या नकाशावरच ठेवल्या. शेठ गोडीगोडीनं समजावू लागला, ताई, सवलत गेली, माझे हात बांधलेत.

"तुमची सवलत गेली म्हणून आमचं घर गेलं," ती म्हणाली. "मग तुमचं काय गेलं, शेठ?"

शेठ विटांखालून नकाशा ओढू लागला. मुकादम विटा उचलायला सरसावला.

"राहू द्या," ती म्हणाली. "जन्मभर यांच्यावरच उभं राहायचंय ना मला? मग इथंच राहते."

ती खुर्ची ओढून बसली. मिस्त्रीनं दारातच फतकल मारली. आता बाहेर जायचं तर शेठला त्याला ओलांडावं लागणार होतं.